ओव्हाळबाईंच्या भेटी

ओव्हाळबाईंना मी मोजायला गेलो होतो. आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं आणि पाठोपाठ लाजही वाटते, पण नोकरीच तशी होती. मी आकडेवाला माणूस. मूळचा मुरुमचा. वडील आडतीवर धान्याची मापं घालायचे, म्हणजे मोजणं आमच्या घरातलंच. जिल्ह्याच्या ठिकाणी आरोग्याच्या कचेरीत टेबल मिळालं तेव्हा माझं पक्कं मत होतं, की जगात जे मोजता येत नाही ते एक तर खोटं असतं, नाही तर ते मोजायचा कुणी तरी आळस केलेला असतो. तरुणपणी माणूस असं काहीबाही मानतो. मी जरा जास्तच मानत होतो.

ऐंशीच्या मागंपुढं ढोकीच्या बाजूला एक छोटी योजना चालू होती. डोक्यानं बिघडलेल्या माणसाला लांबच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन टाकायचं नाही. ज्या घडीला बिघडतं त्या घडीला त्याच्या घरी जायचं आणि घरातच त्याला सावरायचं. कागदावर नाव ‘गृहभेट पथक’, लोकांच्या तोंडी ‘येड्याची गाडी’. पथक म्हणजे आठवड्यातून एकदा येणारे एक डॉक्टर, मौला नावाचा ड्रायव्हर, त्याची खिळखिळी जीप आणि सिस्टर यशोदा ओव्हाळ. डॉक्टर गोळ्या लिहून देत. मौला जीप ढकलायला माणसं गोळा करी. बाकीचं सगळं पथक म्हणजे ओव्हाळबाई.

एके दिवशी वरून पत्र आलं. ही योजना पुढं चालवायची की गुंडाळायची, ते वर्षअखेरीला ठरणार. तोवर पथकाच्या कामाची गुणवत्ता मोजून अहवाल पाठवा. साहेबांनी पत्र माझ्याकडं सरकवलं. मी आठ दिवस खपून एक तक्ता तयार केला. निरोप मिळाल्यापासून पोचायला किती वेळ लागला. एका घरी किती भेटी झाल्या. किती जणांना दवाखान्यात धाडावं लागलं. किती केसेस बंद झाल्या. पट्टीनं आखलेले सुबक रकाने. साहेब म्हणाले, “वा!” आणि मी फुगलो.

तो तक्ता घेऊन मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाई जीपशेजारी उभ्या राहून लिंबू हुंगत होत्या. चाळिशीतल्या, बुटक्या, सावळ्या, अंगावर पांढरं पातळ आणि खांद्याला खाकी पिशवी. आयुष्य जीपमध्ये चाललं होतं आणि बाईला जीपच सोसत नव्हती. प्रत्येक फेरीला लिंबू नाकाशी आणि मौलाचा उद्धार तोंडात.

“आरं मौला, खड्ड्यातनं घाल म्हटलंय का तुला कुणी?”

“अक्का, रस्ताच खड्डे में है, मी काय करू?”

त्यांनी माझा तक्ता हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला, मन लावून वाचला. मग म्हणाल्या, “अक्षर लई छान हाय साहेब तुमचं.” एवढंच. मला ते टोचलं. कौतुक होतं की टोमणा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच दिवशी दुपारी दूधगाडीवाल्यानं निरोप आणला. त्या वेळी फोन कुठले आलेत? डेअरीची दूधगाडी गावोगाव फिरे, तोच आमचा तार-टपाल. दोन-अडीच कोसांवरच्या एका गावात (गावाचं नाव सांगत नाही, त्या घरातली माणसं अजून आहेत) बब्रुवान नावाचा माणूस माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, चढून बसला होता. जवळ दगडांचा ढीग. खाली जो दिसेल त्याला हाणत होता. मी घड्याळ बघून वेळ टिपली.

हा बब्रुवान गावच्या दूध सोसायटीत दूध तपासायचा. काचेची नळी दुधात सोडायची आणि पाणी किती घातलंय ते सांगायचं. दुष्काळात जनावरं आटली आणि लोक पाणी घालायला लागले. ज्यांच्या मांडीला मांडी लावून जेवायचं त्यांचंच दूध परत पाठवायची पाळी याच्यावर आली. आधी लोकांनी शिव्या घातल्या, मग बोलणं टाकलं. मग हळूहळू यालाच वाटायला लागलं, की सगळा गाव आपल्याला मारायला टपलाय. त्याच्या भावानं, तुकारामनं, त्याला गोठ्यात बांधून ठेवलं होतं. दावं तोडून तो वर गेला होता.

वेशीजवळ बाईंनी जीप थांबवली. मी म्हणालो, “बाई, अजून घर आलं नाही. पोचायची वेळ कुठली लिहू?”

“कुटलीबी लिवा. गाडीचा आवाज ऐकून त्यो अजून भिईल. चला पायी.”

घरापुढं निम्मा गाव जमला होता. बाईंनी कुणाला रागावलं नाही. एकाला म्हणाल्या, बाबा, जरा चावडीवरनं जाऊन ये, कुणी मला शोधत आलंय का बघ. दोघा-तिघांना जीपकडं पिटाळलं, चाक रुतलंय म्हणून. चाकाला काही झालं नव्हतं. अशी अर्धी गर्दी पांगवली आणि भर उन्हात, माळवदाच्या बरोब्बर खाली, दगड पोचेल अशा जागी अंगणात फतकल मारून बसल्या. वर बघितलं नाही. बब्रुवानशी एक शब्द बोलल्या नाहीत. नुसतं मोठ्यानं म्हणाल्या, “पानी द्या वो कुणी तरी. जीव चाललाय.”

आणि घर थबकलं. दारात बब्रुवानची आई गोदाबाई उभी होती. ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. मला कळलं काय अडलंय. मी त्याच समाजातला, त्याच वळणाचा माणूस. ओव्हाळबाई बौद्ध. त्यांना पाणी द्यायचं तर कशात द्यायचं, असा तो घोळ. तुकाराम मान खाली घालून उभा. मीही उभा. बाईंनी पुन्हा हाक दिली, “पानी द्या वो.”

तिसऱ्या हाकेला वरून आवाज आला, “आरं, बाई उन्हात बसलीया! पानी द्या की तिला!”

कुणी हललं नाही.

“मानसं हाय का कोन हाय रं तुमी?” म्हणत बब्रुवाननं हातातला दगड बाजूला टाकला, शिडीवरून भराभरा उतरला, तडक घरात शिरला, रांजणातून तांब्या भरून आणला आणि बाईंच्या हातात दिला. बाई घटाघटा प्यायल्या. मग पहिल्यांदा त्याच्याकडं बघून म्हणाल्या, “बस दादा. झोपला न्हायस न्हवं लई दिवस?” तो तिथंच बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. बाईंनी पिशवीतून नेलकटर काढलं, त्याचा हात मांडीवर घेतला आणि वाढलेली नखं कापायला लागल्या. ही त्यांची रीतच होती. डॉक्टर, गोळ्या, चौकशा, सगळं नंतर. आधी नखं.

“येडं मानूस चिडलेलं नसतंय साहेब,” परतताना त्या म्हणाल्या. “भ्यालेलं असतंय. भ्यालेल्याच्या अंगावर कशापाय जायाचं? त्येला कायतरी काम सांगावं.”

निघताना मी मागं वळून बघितलं होतं. गोदाबाई तो तांब्या राखेनं घासत होती. बाईंनीही बघितलं असणार. त्या लिंबू हुंगत होत्या.

त्यानंतर महिन्यातून दोन-तीनदा मी पथकाबरोबर फिरू लागलो. दुपारी एखाद्या कडुलिंबाखाली जीप थांबे. बाई भाकरीचं फडकं सोडत, मौला त्याचा डबा उघडे, आणि बाई मला म्हणत, “या साहेब, घ्या चतकोर.” मी म्हणायचो, आज उपास आहे. सोमवार झाला, गुरुवार झाला, शनिवार झाला. एका बुधवारीही मी तेच म्हणालो तेव्हा बाई पदर तोंडात धरून हसल्या. “एवढं उपास करून तुमचं पुण्य लई साठलं असंल वो साहेब.” मौला दुसरीकडं बघत राहिला. माझे कान तापले. तरी मी चतकोर भाकरी घेतली नाही. आज म्हाताऱ्या तोंडानं हे कबूल करायला काय लागतं? तेव्हा करायला हवं होतं.

बब्रुवानच्या घरी बाई दर गुरुवारी जात. गोळ्या चालू झाल्या, दावं सुटलं, आठ-दहा महिन्यांत तो पुन्हा सोसायटीत दूध घालायला जायला लागला. तपासायला नाही, नुसतं घालायला. तरी बाईंचं जाणं थांबेना. माझ्या तक्त्यात त्या एका घरापुढं भेटींचे आकडे रकान्यात मावेनात. मी शेवटी विचारलं, “बाई, माणूस बरा आहे. कशाला जाता एवढं?”

“आज चला, दावते.”

त्या दिवशी गोदाबाईनं चहा केला. मला कपबशीतून. बाईंचा कप दाराजवळच्या देवळीतून निघाला, कान तुटलेला. असा कप कशाचा असतो ते मला कुणी सांगायला नको होतं. बाईंनी तो हातात घेतला, आत बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. बोटाला धूळ. कोळ्याचं जाळंसुद्धा. त्यांचा चेहरा असा खुलला होता, की मला काही समजेना. त्यांनी कप विसळून घेतला आणि चहा प्यायल्या.

जीपमध्ये बसल्यावर म्हणाल्या, “कळलं का? त्यो कप दोगांचा हाय. माझा आन बब्रूदादाचा. त्येला येड लागल्यापसनं घरच्यांनी त्येचं समदं येगळं केलं हुतं. म्या गेले की मला त्याच कपात. आदी आदी कप ओला असायचा, म्हंजी नुकताच त्येनं पिलेला. आज धूळ हाय. म्हंजी आता त्यो घरातल्या कपात पितोय, समद्यांसंगं.”

“आणि तुम्ही?”

“माझं सोडा वो. माझी केस लई जुनी हाय.”

त्या मोठ्यानं हसल्या. मला हसता आलं नाही. वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण त्या वाटण्याचं मी केलं काय? विषय बदलला. म्हणालो, “मग बाई, कपातली धूळ मोजू होय मी?”

“मोजून बगा की. तुमच्या रकान्यात बसत न्हाय म्हून सोडू नका.”

मोजायच्या त्यांच्या रीती अशा होत्या. आजारी माणूस रात्री कुठं झोपतो, गोठ्यात, ओसरीत की आत. त्याच्या ताटात कालवण शेवटचं पडतं का सगळ्यांच्या बरोबर. घरातली पोरं त्याला नावानं हाक मारतात की नात्यानं. पोरानं ‘काका’ म्हटलं, की बाई त्या पोराच्या गालावरून हात फिरवायच्या. हे सगळं त्या कुठंही लिहीत नसत. त्यांच्या डोक्यात असे. आणि मी, अडाणी, त्यांच्या डोक्यातलं सोडून माझा तक्ता भरत बसलो होतो.

एकदाच त्यांनी स्वतःचं काही सांगितलं. रस्त्याकडेला खडीचे ढीग पडले होते, ते बघून बोलल्या. “बहात्तरच्या दुष्काळात आमी समदे खडी फोडायला जायाचो. माझा थोरला भाऊ असाच झाला हुता. घरी कोन बगनार? जाताना बांधून जायाचो. गाठ म्या मारायची. माझी गाठ पक्की.” मौलानं जीप सावकाश केली. “एका सांजंला आलो तर दावं व्हतं, भाऊ नव्हता. तवापसनं बगत्येच.” ते बघणं मी पाहिलेलं होतं. बाजारात, एस.टी. स्टँडवर, कुठंही दाढी वाढलेला, फाटका माणूस दिसला की बाई त्याच्या तोंडाकडं एकदा निरखून बघायच्याच.

वर्ष संपत आलं. अहवालाची वेळ झाली. साहेबांनी तक्ता बघितला आणि कपाळाला हात लावला. “अहो, बंद केसेस किती थोड्या! आणि एकेका घरी भेटी बघा. वर म्हणतील, वर्षभर त्याच त्याच घरी चहा प्यायला जातात काय? पथक जाणार हं हातचं.”

मला पथक जायला नको होतं. हे अगदी खरं सांगतो. तोवर माझा जीव गुंतला होता त्या जीपमध्ये. मी बाईंकडं गेलो आणि म्हणालो, “जे बरे आहेत त्यांच्या केसेस बंद करू. कागदावर. बब्रुवानपासून सुरू करू.”

“मानूस हाय साहेब. बंद कराया काय दुकान हाय?”

“बाई, हा एक बंद केला नाही तर सगळेच बंद होतील.”

त्यांनी कागद पुढं ओढून वाचला. मग म्हणाल्या, “गोळ्या चालू राहतील न्हवं?”

“राहतील की. गोळ्यांची चिठ्ठी आहेच त्यांच्याकडं. ढोकीहून नेतील. फक्त आपली भेट बंद.”

त्यांनी सही केली. सही करताना लहान मुलीसारखं एकेक अक्षर सावकाश काढायच्या. त्या दिवशी जरा जास्तच सावकाश काढलं.

आता माझी करणी ऐका. मला वाटलं, काम चोख व्हावं. केस बंद झाल्याचं घरच्यांना लेखी कळवावं. कुणी सांगितलं नव्हतं, माझीच अक्कल. मी छान अक्षरात पत्र लिहिलं, ‘आपल्या कुटुंबातील श्री. बब्रुवान यांची केस समाधानकारक सुधारणा झाल्याने बंद करण्यात येत आहे’, त्याच्यावर कचेरीचा गोल शिक्का मारला आणि टपालात टाकलं.

त्या घरात ते पत्र शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घेतलं गेलं. ‘समाधानकारक सुधारणा’ आणि ‘बंद’ एवढंच लोकांच्या कानात राहिलं. तुकारामनं अर्थ लावला, की सरकारनं भाऊ बरा झाल्याचा दाखला दिला. गोदाबाईनं साखर वाटली. पत्र देवघरात, देवाच्या तसबिरीमागं ठेवलं. आणि दाखला मिळाल्यावर गोळ्या कशाला? बऱ्या माणसाला गोळ्या देणं म्हणजे सरकारचं ऐकलं नाही असं होईल, उद्या कुणी चौकशीला आलं तर? त्यांनी उरलेल्या गोळ्या नदीला सोडल्या. कुणी टवाळकी करून हसेल, पण यात हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडं शिक्क्याचा कागद आला, की माणूस स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवतो.

आमचा अहवाल वर गेला. पथकाला ‘उत्तम’ शेरा मिळाला. योजना वाढवून मिळाली.

त्या उन्हाळ्यात पुन्हा पाण्याचे हाल सुरू झाले. टंचाईच्या कामाला गाड्या कमी पडायला लागल्या तशी आमची जीपही मौलासकट तिकडं गेली. आणि एका सकाळी दूधगाडीवाल्यानं बाईंना निरोप दिला, बब्रुवान पाच दिवस झोपला नाही, त्याला बांधलंय, या.

बाई एस.टी.नं निघाल्या. फाट्यावर उतरून पुढं कोसभर उन्हात चालत गेल्या. पोचल्या तेव्हा दुपार टळत आली होती. बब्रुवानला पत्र्याच्या शेडमध्ये बांधलं होतं. घरातली माणसं टँकरच्या पाण्याला गेली होती, टँकर आला की दोन-दोन तास रांगेत जायचे. शेडचा पत्रा असा तापला होता, की हात लावता येईना. बाईंनी गाठ सोडली. अंगावर ओला पदर घातला, पाणी पाजायला बघितलं, पण तो गिळत नव्हता. शेजारच्या बैलगाडीत घालून ढोकीकडं निघाले. बाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ढोकीच्या साखर कारखान्याचं धुराडं दिसायला लागलं होतं, तिथं तो गेला.

हे मला मौलाकडून नंतर कळलं. बाईंनी मला काही सांगितलं नाही. चार दिवसांनी त्या कचेरीत आल्या, पहिल्यांदाच. माझ्या टेबलापुढं उभ्या राहिल्या. मी म्हणालो, बसा. त्या बसल्या नाहीत. पिशवीतून माझं पत्र काढलं, हळद-कुंकू लागलेलं, आणि टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, “तुमचा तक्ता काडा साहेब. बब्रूदादाला लिवायचाय.”

मी तक्ता काढला. आणि त्यात खरोखर जागा नव्हती. तो बंद केसेसमध्ये गेलेला. चालू यादीत त्याचं नाव नव्हतं. बंद यादीतला माणूस मेला तर ते लिहायचा रकाना मी आखलाच नव्हता. मी जे बोललो ते आजही झोपेतून उठवतं मला. मी म्हणालो, “बाई, तो आता आपल्या यादीत नव्हता ना.”

“यादीत नव्हता म्हून तर मेला.”

आवाज चढवला नाही त्यांनी. कचेरीतल्या टाइपरायटरचा आवाज तेवढा थांबला. मग म्हणाल्या, “लिवा साहेब. पथक नापास झालं म्हून लिवा. सही म्याच केलीया. माझं नाव घालून लिवा.”

मी साहेबांकडं गेलो. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्चीला मान टेकवली आणि म्हणाले, “लिहिलंत तर पथक जाईल. अजून पंधरा-वीस घरं आहेत तिची. त्यांचं काय?” हेच मी बाईंना सांगितलं होतं, शब्द थोडे वेगळे एवढंच, सही घेताना. तेव्हा बोलणारा मी होतो म्हणून मला ते शहाणपण वाटलं होतं. मी लिहिलं नाही. बाहेर येऊन बाईंना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पत्र तिथंच सोडलं आणि निघून गेल्या.

‘उत्तम’ शेऱ्याचा सत्कार झाला, त्याला बाई आल्या नाहीत. दोन वर्षांनी योजना तशीही गुंडाळली. डॉक्टरांची बदली झाली, जीप परत आलीच नाही, आणि कुणी कसला अहवालही मागितला नाही. बाई आपल्या नेहमीच्या नोकरीत गेल्या, लसी टोचणं, बाळंतपणं. माझी गाठ पडेना. खरं म्हणजे मीच पडू देत नव्हतो.

पुढं एकदा दुसऱ्याच कसल्या तरी घरमोजणीच्या कामासाठी मला त्या गावात जावं लागलं. गुरुवार होता, ते माझ्या ध्यानातही नव्हतं. वही घेऊन घरं करत करत मी त्या अंगणाशी आलो आणि पाय थबकले.

ओट्यावर गोदाबाई बसली होती. पार वाळून गेलेली. तिच्या मागं ओव्हाळबाई बसल्या होत्या आणि तिचे पांढरे केस मोकळे करून तेल चोळत होत्या. घरातलं एक पोरगं बाईंच्या पाठीला टेकून गूळ-शेंगा खात होतं. बाईंचे केसही पिकले होते. त्यांनी मला बघितलं. ओळखलं. हात थांबला नाही त्यांचा.

काही तरी बोलायला पाहिजे म्हणून मी विचारलं, “बाई, येता अजून?”

गोदाबाईनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी कोण, पत्र कुणी धाडलं होतं, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. तिला दिसत होती फक्त माझ्या हातातली वही आणि उघडलेलं पेन. ती एकदम घाबरली. ओट्याच्या कडेपर्यंत सरकत आली आणि हात जोडून म्हणाली, “साहेब, हिचं येनं लिवू नका वो. पाया पडते. तुमी लिवलं की बंद करत्यात.”

मी पेन मिटलं. “नाही लिहीत, माय,” एवढंच म्हणालो आणि त्या घराची मोजणी न करता पुढं गेलो. त्यानंतर ओव्हाळबाई मला दिसल्या नाहीत. आधी गोदाबाई गेली, मग काही वर्षांनी बाईही गेल्या. दोन्ही बातम्या मला उशिरा, कुणाकुणाकडून कळल्या.

म्हातारीला दिलेला शब्द मी इतकी वर्षं पाळला. आता बंद करायला कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो: ओव्हाळबाई दर गुरुवारी येत होत्या.